शाळा खाली आणायची तर तुमचे बैल किती?

लिन्केल बेट, चिलोए
नोव्हेंबरची अखेर, पाऊस चालू

आदरणीय एदुविना मावशीस,

तुझ्या धाकट्या बहिणीच्या सर्वांत निरुपयोगी मुलाचा, म्हणजे दागोबेर्तोचा, गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे खरोखरच टेकले आहेत. पहिलीच्या बाकावर लिहितोय आणि बाकाखाली माझे पाय मावत नाहीत.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुझ्या लेकीनं, नोल्फाताईनं, दुकानातल्या फोनवर कळवलं तेव्हा सगळ्या बेटाला बरं वाटलं. पट्टी अजून काढलेली नाही म्हणे, म्हणजे हे पत्र तुला नोल्फाच वाचून दाखवणार. नोल्फाताई, तुलाही नमस्कार. पुन्ता आरेनासच्या वाऱ्यात तुझं छप्पर जागेवर आहे ना? तुझ्यासाठी मी मधे मधे कंसात सूचना लिहिल्या आहेत, त्या मोठ्यानं वाचायच्या नाहीत. मावशी, हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस.

इकडची काहीच काळजी करू नकोस. घर, बैल, बटाटे, डुक्कर, सफरचंदाच्या दारूची म्हणजे चिचेची पिंपं, यातलं काहीही तुझ्या आवाराबाहेर गेलेलं नाही. उलट आवारात थोडी भरच पडली आहे. तिच्याबद्दल पुढे ओघात येईलच.

मी मास्तर कसा झालो हे तुला सांगायला नको, कारण तूच मला केलंस. वाल्दिव्हियाला दोन वर्षं शिक्षकीचं शिकलो, आणि तिसऱ्या वर्षी ऐन परीक्षेच्या सकाळी मेंढ्या कातरणाऱ्यांचा ट्रक दारावरून चालला होता, त्यात एक जागा रिकामी होती. (ती रिकामी नसती तर आज मी खराखुरा शिक्षक असतो.) मग बोटीवर आचारी झालो. त्या बोटीचा कप्तान घेवड्याच्या उसळीत साखर घालून खायचा आणि रडायचा, का रडायचा ते एकदा पुएर्तो मोंतच्या धक्क्यावर कळलं, पण ते राहू दे. सांगायचं म्हणजे, पायाला भिंगरी असलेला हा पोरगा बेटावर परत आला तेव्हा शाळेच्या बाईंची बदली झालेली होती, नवीन कुणी यायला तयार नव्हतं, आणि तू शिक्षण कचेरीत जाऊन टेबलावर हात आपटून सांगितलंस की माझा भाचा आहे, अर्धामुर्धा शिकलाय, वर्षभर टिकेल, नाही टिकला तर मला येऊन विचारा. तुझ्या त्या शब्दावर मी मार्चपासून इथे आहे. आणि आता बहुतेक ते तुलाच येऊन विचारणार आहेत.

शाळा बंद करायचं घाटत होतं हे तू जाण्याआधीच कानावर आलं होतं. शाळा टेकडीवर, चढणीला गुडघाभर चिखल, निम्मी पोरं वर पोचायची आणि निम्मी घसरत आपापल्या घरी. कचेरीचं म्हणणं असं, की एवढीच हजेरी असेल तर शाळेला कुलूप लावावं आणि पोरांना मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात ठेवावं. हे ऐकल्यापासून गावातल्या आया माझ्याकडे अशा बघतात, जणू पोरांना न्यायला बोट मीच बांधतोय. पाहणीला कचेरीतल्या अवेन्दान्यो बाई नोव्हेंबरअखेर येणार होत्या. मास्तर नव्या पद्धतीनं शिकवतो की नाही ते बघणार, आणि त्यावर शाळा राहायची की जायची ते ठरणार. माझी नोकरीही त्यातच आली, पण माझ्या नोकऱ्या जायची तुला सवय आहे.

तर ती नवी पद्धत. तिचं नाव ‘शोधातून शिक्षण’. ती शिकवायला आम्हा बेटाबेटांवरच्या मास्तरांना कास्त्रोला बोलावलं, एका गारढोण हॉलमध्ये बसवलं, आणि अवेन्दान्यो बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक बटाटा दिला. म्हणाल्या, याला प्रश्न विचारा. आता चिलोएच्या माणसानं बटाट्याला विचारायचं तरी काय? आपण जन्मल्यापासून एकमेकांना ओळखतो. शेवटी माझ्या शेजारचा म्हातारा मास्तर बटाट्याकडे वाकून हळूच म्हणाला, “तू कुणाकडचा रे?” बाईंना ते फार आवडलं, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी बटाटे परत द्यायचे होते हे मला उशिरा कळलं. तोवर माझा शोध बराच पुढे, म्हणजे कोपऱ्यातल्या शेगडीपर्यंत, जाऊन पोचला होता.

बाईंनी एक जाडजूड पुस्तिकाही दिली होती. त्यात सगळ्या पायऱ्या होत्या: प्रश्न, अंदाज, पुरावा, निष्कर्ष, आणि प्रत्येकीत काय करायचं नाही त्याची भली मोठी यादी. परतीच्या बोटीत ती भिजली, शाळेच्या चुलीजवळ वाळत घातली, आणि एका सकाळी लाकडं ओली निघाली. मावशी, जाड कागद छान पेटतो. त्यामुळे माझ्याजवळ पायऱ्यांची नावं तेवढी उरली, आणि बाईंनी बोट नाचवत सांगितलेला एक नियम: मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मास्तरनं कधीही द्यायचं नाही. उलट विचारायचं, “तुला काय वाटतं?” मला वाटलं, ही पद्धत कुणीतरी माझं ज्ञान मोजून बेतली आहे.

पहिला आठवडा अपयशात गेला. मी फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘पाऊस का पडतो?’ पोरं माझ्याकडे दयेनं बघायला लागली. इथे पाऊस थांबला तर लोक का म्हणून विचारतात, पडतोय तर कशाला विचारतील? पाचवीतली यास्ना (चिगुआयांची, डोंगरापलीकडच्या घरातली, जिच्या जिभेला हाड नाही ती) म्हणाली, “मास्तर, हे तुम्हाला खरंच माहीत नाही, का आम्हाला माहीत आहे की नाही ते बघताय?” मी नियमाप्रमाणे म्हणालो, “तुला काय वाटतं?” ती म्हणाली, “मला वाटतं, तुम्हाला माहीत नाही.” निष्कर्ष इतक्या लवकर निघेल असं बाईंनीही सांगितलं नव्हतं.

शिवाय ही सवय अंगात भिनते. दुकानात दोन्या ऊर्सुलानं विचारलं, मास्तर, साखर किती देऊ, तर मी म्हणालो, तुम्हाला किती वाटते? तिनं पावशेर दिली आणि शेरभर बोलली. “पगार घेताना तरी उत्तर देतोस का रे, की तिथंही साहेबाला म्हणतोस, तुम्हाला किती वाटतो? आमच्या वेळी मास्तर चुकीचं सांगायचे, पण ठणकावून सांगायचे!” सगळं दुकान हसलं. मीही हसलो, कारण साखर अजून तिच्या हातात होती.

मग तो दिवस आला. सकाळी यास्ना उशिरा आली, कमरेपर्यंत चिखल, एक बूट पायात आणि दुसरा चढणीवर कुठेतरी रुतलेला. दप्तर आपटून तिनं विचारलं, “मास्तर, ही शाळा मुळात इथं वर कुणी ठेवली?” मावशी, मला इतका आनंद झाला की तिला टॉवेल द्यायचंच विसरलो. पुस्तिकेत नसलेला, कुणी न सांगितलेला, अस्सल प्रश्न! मी तो मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिला. मग पोरांनी अंदाज बांधले. एक म्हणाला, वर ठेवली म्हणजे मास्तरला समुद्र दिसावा. दुसरी म्हणाली, वर ठेवली म्हणजे आयांना दर चार दिवसांनी यायला जमू नये. सगळ्यात लहान पोराचं म्हणणं, शाळा तिथेच उगवली. सगळे लिहून घेतले. कुठलाच अंदाज वाईट नसतो.

(नोल्फाताई, इथून पुढे जरा हळू वाच, आणि मावशीच्या हातात काही गरम असेल तर आधी काढून घे.)

पुरावा म्हणून पोरांनी ओनोफ्रे काकांना वर्गात आणलं. ओनोफ्रे ग्वेन्तेओ, तुला ओळख करून द्यायला नको. बेटावरच्या सगळ्या बैलांचा आणि निम्म्या माणसांचा आवाज ज्यांना ओळखू येतो ते. काका चुलीपाशी बसले, माते नावाच्या कडू चहाचा तुंबा हातात घेतला, नळीतून दोन घोट घेतले, आणि शांतपणे म्हणाले की शाळा खालीच व्हायची होती, सपाटीवर, वाटेच्या कडेला. जागा ठरली होती. जागेच्या मालकानं शब्दही दिला होता. पण बांधकामाची लाकडं येऊन पडली त्या रविवारी मालक आणि त्या वेळचा मास्तर पत्ते खेळायला बसले, मास्तर जिंकला, आणि जिंकला ते जिंकला, वर हसला. सोमवारी मालकानं शब्द मागं घेतला. मग शाळेला टेकडीशिवाय जागाच उरली नाही. पोरांनी विचारलं, मालक कोण? काकांनी माझ्याकडे बघितलं. मग यास्नानं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या वर्गानं. मावशी, मालक म्हणजे माझे आजोबा, तुझे वडील. जागा म्हणजे तुझं बटाट्याचं शेत.

हे तुला माहीत असणारच. मला माहीत नव्हतं. काका पुढे म्हणाले, “आणि गंमत बघा पोरांनो, म्हाताऱ्याच्या त्या हट्टापायी त्याच्याच पोरीला टेकडी चढावी लागली. एदुविना. गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. तिसरीच्या हिवाळ्यात चढण धसली आणि तिची शाळा सुटली, ती सुटलीच.” एवढं बोलून ते बराच वेळ रिकाम्या तुंब्यातून नळी ओढत बसले. मी पुन्हा पाणी ओतलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

त्या दिवशी मी एकही विनोद केला नाही. (हे तुला खरं वाटणार नाही, पण साक्षीदार आहेत.) पोरं मात्र थांबली नव्हती. यास्नानं लगेच पुढचा प्रश्न टाकला: मग आता खाली आणता येईल का? आणि इथे मावशी, माझी चूक झाली. मी बाराव्या वर्षी बेट सोडलं, त्यानंतर कधी धड हिवाळाभर राहिलो नाही, म्हणून झाली. इथे राहिलेल्या माणसाकडून झाली नसती. मला वाटलं, झकास प्रकल्प आहे, कागदावर करू. शाळेचं वजन काढू, एका बैलजोडीला किती ओढवतं ते काढू, भागाकार करू. मी पोरांना सांगितलं, “घरोघर जा आणि विचारा: शाळा खाली आणायची तर तुमचे बैल किती?” पोरं जाताना फार गंभीर दिसली. केस विंचरून गेली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

कारण आपल्या बेटावर दारोदार जाऊन असं कुणी विचारलं, तर तो प्रश्न नसतो, ती मागणी असते. जसं कुणाच्या घरी जाऊन मुलगी ‘विचारली’, तर तिचं वय विचारलेलं नसतं. घर हलवायचं असो, पेरणी असो, ज्याला हात हवेत त्यानं दारोदार जाऊन विचारायचं, समोरच्यानं नाही म्हणायचं नाही, आणि विचारणाऱ्यानं त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. मिंगा! हे मला माहीत होतं. मला जेवणारा म्हणून माहीत होतं. यजमान म्हणून कधी डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांनी माहिती आणली. बैलांचा आकडा कुणीच दिला नव्हता. प्रत्येक घराचं उत्तर एकच: शनिवारी येतो. मी त्याचा तक्ता केला, खाली लाल शाईनं ‘पुराव्यात उत्तम एकवाक्यता’ असा शेरा मारला, आणि शुक्रवारी निवांत झोपलो.

शनिवारी पहाटे हंबरण्यानं जाग आली. खिडकीतून बघतो तर वाट बैलांनी भरलेली. जोड्या, जोड्यांमागे जोड्या, जू चढवलेलं, दोरखंड, साखळ्या, पहारी, घसरपट्ट्यांसाठी सोललेले लांबच लांब ओंडके. आणि तुझ्या अंगणात बायका, प्रत्येकीच्या हातात बटाटे किसायची किसणी. दोन्या ऊर्सुला सगळ्यांच्या पुढे. म्हणाली, “मास्तर, खड्डा कुठं खणलाय?” मी म्हणालो, “कसला खड्डा?” तिनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुला काय वाटतं?”

मला पळून जाता आलं असतं. पळायचा मला चांगला अनुभव आहे, आणि ट्रक नसला तरी सकाळची बोट होती. पण पायात बूट चढवत होतो तेव्हा फाटकाशी यास्ना उभी दिसली, दोन्ही पायांत बूट, दोन वेगळ्या रंगांचे. ती म्हणाली, “मास्तर, आई म्हणते वसतिगृह नको म्हणून देवाला मेणबत्ती लावण्यापेक्षा बैल लावलेले बरे.” मग मी खड्डा खणायला घेतला. खड्ड्यात काय घातलं ते ताज्या कलमात.

शाळा कशी हलली ते तू बघायला हवं होतंस. खिडक्यांच्या काचा काढल्या, चुलीचं धुराडं सोडवलं, पहारी घालून एकेक कोपरा उचलला, खाली ओंडके सारले, साखळ्या बांधल्या. ओनोफ्रे काकांनी आत जाऊन चुलीवर काठोकाठ भरलेली किटली ठेवली आणि दोन पोरींना तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. पाणी सांडलं तर ओढणाऱ्यांची अब्रू गेली. मग ते बाहेर आले, काठी उचलली आणि एकच आरोळी ठोकली. मावशी, शाळा निघाली! तेवढा एक वेळ पाऊसही थांबला होता. (का, ते पोरं शोधताहेत.) टेकडी उतरताना निम्मे बैल मागच्या बाजूला लावून तिला धरून ठेवलं, नाहीतर ती आमच्या आधी समुद्रात गेली असती. किटलीतलं पाणी सांडलं नाही. भिंतीवरचा नकाशा तेवढा पडला.

जायचं होतं चॅपेलशेजारच्या मोकळ्या जागेत. ते सगळ्यांचं ठरलं होतं, खरंच ठरलं होतं. तुझ्या शेताचा विषयसुद्धा कुणी काढला नाही, माझ्यासमोर तरी नाही. पण सर्वांत पुढे, दिशा द्यायला, काकांनी बेटावरची सगळ्यात समजदार जोडी मागितली आणि मी ती दिली. म्हणजे तुझी. बिशप आणि सार्जंट. (तुला न विचारता दिली. विचारायला गेलो असतो तर तीही मिंगाच झाली असती.) दिवसभर दोघांनी नाव काढलं. चॅपेलची वाट तुझ्या कुंपणाला लागून जाते हे तुला माहीत आहे. आम्ही तिथे पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. आता संध्याकाळ झाली की बिशप आणि सार्जंट काय करतात हेही तुला माहीत आहे, तूच त्यांना तशी सवय लावलीस. ते घरी जातात. तसे ते गेले. फाटक उघडं होतं, ते आत वळले, शेतातून सरळ गोठ्याकडे निघाले, आणि त्यांच्यामागे बाकीच्या जोड्या होत्या, आणि जोड्यांमागे शाळा होती.

मी ओरडत पुढे धावलो. काका काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मी म्हणालो, काका, थांबवा की त्यांना! काका म्हणाले, “बैलाला घरी जाताना अडवू नये रे.” शाळा शेताच्या मधोमध आली तेव्हा जमीन भुसभुशीत लागली, ओंडके रुतले, आणि ती थांबली. छान सरळ थांबली. दार वाटेकडे, खिडक्या सूर्याकडे (सूर्य असतो तेव्हा). सगळ्यांनी टोप्या काढल्या. दोन्या ऊर्सुला म्हणाली, “चला, जेवण गार होतंय.” अन् खड्डाही जवळच होता.

सोमवारी अवेन्दान्यो बाई आल्या. बोटीतून उतरल्या आणि हातातल्या पत्त्याप्रमाणे टेकडी चढल्या. वर त्यांना झेंड्याची काठी आणि संडास मिळाला. (संडास सिमेंटचा आहे, तो आला नाही. पोरं अजून तेवढ्यासाठी टेकडी चढतात, पण पटकन.) बाई हुशार. त्यांनी चिखलातल्या खुणा बघितल्या आणि त्यांच्या मागोमाग उतरत, दोनदा बसत, तुझ्या शेतात आल्या. मी वर्गात होतो. पोरं सगळी हजर होती, सगळी! मार्चपासून असं पहिल्यांदाच. बाई दारात चिखलासकट उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, ही शाळा इथे कशी आली?” आणि सवय वाईट मावशी, माझ्या तोंडातून निघून गेलं, “तुम्हाला काय वाटतं, बाई?”

मला वाटलं, झालं. पण पोरांना तो वर्गातलाच प्रश्न वाटला. त्यांनी हात वर केले आणि सगळं सांगितलं: प्रश्न, अंदाज, पुरावा, पत्ते, आजोबा, किटली, सगळं. बाई लिहीत राहिल्या. मग त्यांनी यास्नाला विचारलं, “हा प्रकल्प कागदावर करायचा होता ना, बाळ?” यास्ना म्हणाली, “कागदावर केला असता तर माझे पायपण कागदावरच कोरडे राहिले असते.” बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शिल्लक राहिलेलं थंड मांस आणि किसलेल्या बटाट्यांचे मिल्काओ खाल्ले, दोनदा वाढून घेतले, म्हणजे पुराव्यातला काही भाग आता त्यांच्याही पोटात आहे.

जाताना त्या म्हणाल्या, पद्धत मी नीट शिकलोय, त्यांनी शिकवली होती त्याहून जरा जास्तच. हजेरीही चांगली आहे. शाळा चालू राहू शकते. फक्त सरकारी इमारत खासगी शेतात उभी आहे, त्याला मालकाचा होकार लागेल, लेखी, वर्ष संपायच्या आत. होकार नसेल तर शाळा पुन्हा टेकडीवर न्यावी लागेल, आणि टेकडीवर गेली तर तिला कुलूप लागेल. म्हणाल्या, मालकीणबाई आठवतात मला, त्यांनीच टेबलावर हात आपटला होता. आणि हसल्या. मावशी, मला ते हसणं बघून धस्स झालं. या शेताचा शब्द एकदा कुणीतरी हसल्यामुळेच फिरला होता. म्हणून तुला आधीच सांगतो, बाई तुला हसल्या नाहीत. मला हसल्या.

बाकी सर्व क्षेम. डोळ्याला हात लावू नकोस, थेंब वेळेवर घाल, नोल्फाला ओरडू नकोस.

तुझा आज्ञाधारक (आजपासून),
दागोबेर्तो

ता. क. डुक्कर आवाराबाहेर गेलेलं नाही असं वर लिहिलं ते अक्षरशः खरं आहे. खड्डा आवारातच खणला होता. खाली तापलेले दगड, वर शिंपले, त्यावर तुझं डुक्कर, त्यावर बटाटे आणि मिल्काओ, आणि सगळ्यावर छत्रीएवढी पानं. लोक म्हणाले, इतका चांगला कुरांतो तुझ्या लग्नानंतर झाला नव्हता. चिचेची पिंपंही आवारातच आहेत. हलकी झाली आहेत, उचलायला बरी.

ता. क. २. बटाटे ठीक आहेत. जे शाळेबाहेर आहेत ते. आतल्या सऱ्यांमधलं एक रोप तिसरीच्या बाकाखाली फळ्यांच्या फटीतून वर आलं आहे, आणि त्याला फुलं कधी येणार याची पोरं रोज नोंद ठेवतात. त्या बाकावर ती कुणाला बसू देत नाहीत. मी विचारलं का, तर यास्ना म्हणाली, ती जागा एदुविना आजीची आहे, त्यांची तिसरी अर्धी राहिली आहे. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. मी काहीच शिकवत नाही, तीच तर पद्धत आहे.

ता. क. ३. तर विनंती अशी, की हो म्हण. नाही म्हणालीस तर शाळा परत वर न्यायला पुन्हा मिंगा करावी लागेल, मिंगेला जेवण घालावं लागेल, आणि डुक्कर एकच होतं. बैलही तुझेच लागतील, आणि ते संध्याकाळी कुठे जातील ते तुला माहीत आहे.

ता. क. ४. (नोल्फाताई, हे फक्त तुझ्यासाठी. मनात वाच.) काल पोरांनी मला विचारलं, आजी नाही म्हणाल्या तर? मी सवयीनं म्हणालो, तुम्हाला काय वाटतं? संध्याकाळी बघतो तर पोरं केस विंचरून घरोघर चालली होती. मी मागून धावलो, पण उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, ‘एदुविना आजींना विचारायला पुन्ता आरेनासला जायचं तर तुम्ही याल का?’ सगळ्या घरांचं उत्तर एकच आलंय. ओनोफ्रे काकांनी नवी टोपी घेतली आहे आणि जहाजावर बैल चालतात का म्हणून चौकशी करताहेत. तेव्हा मावशीचा होकार शनिवारच्या आत फोनवर कळव, आणि नाहीच जमलं, तर तुझ्याकडे मोठं पातेलं आहे ना?